रंग मारला की झालं?

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी लिहिताना गाडी जरा अडखळते. सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

वर्गातला एक मित्र बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा. त्याचे काका फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. गेल्या सुट्टीत त्यांच्याकडे एक जुनी शिडाची बोट आली होती. पांढरीशुभ्र, चकचकीत! मी विचारलं, "काका, हिला काय झालंय?" ते म्हणाले, "रंग नको बघू. ठोक आनि आवाज ऐक." हातोडीने हळूहळू ठोकत गेले. टण, टण, टण... आणि डोलकाठीजवळ एकदम 'बद्द'!

फायबर कुजत नाही, हे खरं. पण अशा बोटीचा डेक म्हणजे सँडविच असतं. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये प्लायवूड किंवा बाल्साचं लाकूड. आपण शिकतो तो आय-बीमच म्हणा ना! थर म्हणजे फ्लँज, लाकूड म्हणजे वेब. एखाद्या स्क्रूच्या भोकातलं सील जातं, पाणी आत झिरपतं, लाकूड कुजतं आणि थर सुटतात. मग दोन्ही थर वेगवेगळे वाकतात. ताकद गेली, पण वरून काहीच दिसत नाही.

काकांनी वरचा थर कापला. आतून काळा, ओला भुसा निघाला. कोरडं लाकूड लागेपर्यंत खरवडलं, वाळवलं, नवा तुकडा इपॉक्सीत बसवला. वरचा थर जोडताना कडा सरळ ठेवल्या नाहीत. जाडीच्या बारापट लांब उतार घासला आणि त्यावर काचेच्या कापडाचे थर चढवले, म्हणजे भार एका रेषेवर न येता पसरतो. अंगाला खाज सुटली, पण एवढं मला कुठल्या प्रॅक्टिकलने शिकवलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, जुनी टाकून नवी घ्यायची! पण हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. टाकलेली बोट खाडीच्या चिखलात तशीच पडून राहते. आणि जुनी म्हणजे निकामी थोडीच? आपल्या सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरचे अधिकारी १९८५ ते १९८७ मध्ये 'तृष्णा'तून पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला आले. ती ३७ फुटी फायबरची बोट, परदेशात घेतलेली, तीही सेकंडहँड! २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी दुसरे आले. भर समुद्रात वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणू-यंत्राने दगा दिला, तेव्हा त्यांनी टॉयलेटच्या दाराचं पातं करून बसवलं. याला म्हणतात इंजिनिअर!

आणि आपण? जर्नलमध्ये रीडिंग जुळलं नाही की सीनियरचं उतरवतो. म्हणजे रंगच मारतो ना! प्रोजेक्टचं नावही ठरलेलं, 'डिझाइन अँड फॅब्रिकेशन ऑफ...'. दुरुस्तीला मार्कच नाहीत, तर करणार कोण?

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. फायनल इयरच्या एका तरी ग्रुपला एखादी मोडकी वस्तू द्या. बोट नाही तर वर्कशॉपमधलं बंद पडलेलं लेथ चालेल. कुठे, का आणि किती खराब झालं ते आम्ही शोधू. व्हायवाही त्यावरच घ्या.

मात्र त्या लेथला आधी रंग मारून देऊ नका, प्लीज!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)