कोड आमच्या तोंडावर, अर्थ त्यांच्या खिशात

माझा पहिला गेमिंग कन्सोल मी स्वतःच्या हातांनी मारला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी कंपन्यांबद्दल जे बोलणार आहे ते वाचून कुणी म्हणायला नको, की हा स्वतःची चूक लपवतोय.

आईला भिशी लागली त्या महिन्यात तो घेतला होता. सेकंडहँड. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. दीड वर्ष छान चालला. मग एका संध्याकाळी धाकटा भाऊ खेळत असताना गेम मध्येच बंद पडला आणि स्क्रीनवर काही अक्षरं, काही आकडे आले. कंपनीच्या साइटवर तो कोड शोधला. अर्थ एका ओळीत होता: बिघाड झाला आहे. उपायही एका ओळीत होता: बंद करून पुन्हा चालू करा. एवढं तर भावाने मला हाक मारायच्या आधीच केलं होतं.

सर्व्हिस सेंटरवरच्या माणसाने कन्सोल उघडलासुद्धा नाही. कोड बघितला आणि म्हणाला, "बोर्ड बदलावा लागेल." बोर्डची किंमत आम्ही कन्सोलला दिलेल्या पैशांच्या जवळपास जात होती. मी विचारलं, या कोडचा नेमका अर्थ काय? तो म्हणाला, "ते आमच्या सिस्टिममध्ये असतं सर, कस्टमरला देत नाही."

मग मी तेच केलं जे तुम्हीही केलं असतं. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले. एकाने छातीठोकपणे सांगितलं, की हा कोड म्हणजे चिपखालचं सोल्डर सुटलंय, गरम हवा मारा, झालं काम. मित्राची हॉट एअर गन आणली आणि मारली हवा. बोर्ड वाकला, बारीक घटक जागचे हलले. त्यानंतर कोडही येईना, दिवाही लागेना.

शेवटी डोंबिवलीहून लोकल पकडून लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या एका काकांनी कन्सोल उघडला, बोर्डकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं, मग आधी हार्ड डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली. डिस्कने दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. खराब सेक्टरची मोठी यादी. काका म्हणाले, "अरे, डिस्क गेली होती रे. चिपला काही झालं नव्हतं. चिपला जे झालंय ते तू केलंयस."

घरी येऊन आईला काय सांगायचं, हे ग्रँट रोडपासून डोंबिवलीपर्यंत सुचलं नाही.

चूक माझी होती, मान्य. पण त्या चुकीपर्यंत जाणारी वाट कुणी आखली, हे विचारायला मी लागलो ते त्या दिवसापासून.

त्या वाटेचा सगळ्यांत प्रसिद्ध नमुना म्हणजे एक्सबॉक्स ३६०. हा कन्सोल मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणला. पॉवर बटणाभोवती चार भागांचं दिव्याचं कडं. सगळं ठीक असेल तर हिरवं. दोन भाग लाल झाले, तर मशीन तापलंय. चारही लाल झाले, तर टीव्हीची केबल नीट लागलेली नाही. आणि तीन लाल लुकलुकले, तर हार्डवेअरमध्ये बिघाड. या तीन लाल दिव्यांना जगभरच्या पोरांनी 'रेड रिंग ऑफ डेथ' नाव दिलं.

आता नीट बघा. तापलं असेल तर हवेशीर जागी ठेवा, केबल निघाली असेल तर लावा. जिथे काम तुम्ही करायचं, तिथे दिव्याचा अर्थ स्वच्छ होता. जिथे खर्च कंपनीला होता, तिथे फक्त 'बिघाड'.

पण मशीनला बिघाडाबद्दल याहून जास्त माहीत होतं. तीन दिवे लुकलुकत असताना कंट्रोलर जोडायचं सिंक बटण दाबून धरायचं आणि डिस्क बाहेर काढायचं बटण दाबायचं. प्रत्येक दाबाला दिवे एक आकडा सांगायचे. एक दिवा म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन आणि चारही म्हणजे शून्य. चार वेळा दाबलं की चार आकडी कोड तयार: ०१०२, ००२०, ००२२, असे. ही युक्ती मॅन्युअलमध्ये नव्हती. हौशी लोकांनी ती एकमेकांना सांगितली, हजारो बंद मशीनचे आकडे जमवले आणि अर्थाचे तक्ते अंदाजाने बनवले.

अंदाजाने. हा शब्द लक्षात ठेवा.

या अंदाजांवर एक अख्खा धंदा उभा राहिला. ०१०२ आलं, की ग्राफिक्स चिपखालचं सोल्डर सुटलं, गरम करा. हीटसिंक पकडणारे क्लॅम्प काढा, त्या जागी स्क्रू बसवा. काहींनी तर चालू कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवला. गंमत म्हणजे कधी कधी मशीन खरंच सुरू व्हायचं. काही दिवसांनी पुन्हा मरायचं.

कंपनीने काय केलं? जुलै २००७ मध्ये या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. एप्रिल २००९ मध्ये ई७४ हा कोडही त्या वॉरंटीत घेतला. पैसे दिले, हे कबूल करायलाच हवं. बऱ्याच कंपन्या तेवढंही करत नाहीत. पण नेमकं काय तुटतंय, हे तेव्हा सांगितलं नाही. ते जाहीरपणे आलं २०२१ मध्ये, 'पॉवर ऑन' या एक्सबॉक्सवरच्या माहितीपटात. मशीन चालू केलं की तापतं, बंद केलं की थंड होतं. या सततच्या ताणाने चिपच्या घटकाच्या आतल्या जोडण्या तुटत होत्या.

घटकाच्या आतल्या. म्हणजे पोरं ज्या सोल्डरवर गरम हवा मारत होती, मुख्य दुखणं तिथे नव्हतंच. हवेने आतली जोडणी काही दिवस पुन्हा टेकायची, एवढंच. कन्सोल बाजारात आल्यापासून सोळा वर्षांनी हे कळलं. तोवर किती मशीन गरम हवेखाली, टॉवेलखाली गेली असतील त्याचा हिशोब कोण देणार?

सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची कथाही याच घराण्यातली. मशीन मरताना क्षणभर पिवळा दिवा लागायचा आणि मग लाल लुकलुकत राहायचा. ग्राहकाच्या वाट्याला तेवढंच. पण बोर्डवर सिसकॉन नावाची एक चिप असते, मशीनचा कारभार बघणारी. ती प्रत्येक बिघाडाची नोंद कोड घालून लिहून ठेवत होती. ही वही उघडायची कशी, हे हौशी लोकांनी बोर्डवर बारीक तारा जोडून बऱ्याच वर्षांनी शोधलं. तेव्हा कळलं, की एकाच पिवळ्या दिव्यामागे वेगवेगळे आजार होते. कुठे ग्राफिक्स चिप, कुठे वीज स्थिर ठेवणारे कॅपॅसिटर. तोपर्यंत सगळ्यांवर उपचार एकच: तापवा.

आता मुद्द्यावर येतो. एरर कोड म्हणजे निदान नव्हे. मशीनला जिथे खटकलं, त्या जागेचं नाव म्हणजे कोड. ताप एकशे दोन आहे हे थर्मामीटर सांगतं. मलेरिया की टायफॉइड हे सांगत नाही. गेम बंद पडला असं कन्सोल म्हणतो तेव्हा कारण डिस्क असेल, रॅम असेल, पॉवर सप्लाय असेल, पंख्यात साठलेली धूळ असेल. कोडचं काम शोधाची जागा लहान करणं. पुढे मोजमाप करावं लागतं: व्होल्टेज, तापमान, डिस्कची तपासणी. आणि जागा लहान तेव्हाच होते, जेव्हा कोडचा खरा अर्थ हातात असतो. अर्धा कोड हा कोड नसण्यापेक्षा वाईट. कोड नसता तर मी घाबरून हात लावला नसता. अर्ध्या कोडने मला डॉक्टर केलं.

कंपन्या म्हणतात, हे गुंतागुंतीचं आहे, सामान्य माणसाला कळणार नाही. मग गाड्यांचं कसं कळतं? अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, मग गाडी कुणाचीही असो. स्वस्तातला रीडर लावून कोपऱ्यावरचा मेकॅनिक तो वाचतो. तोही निदान नाहीच; प्लग, कॉइल, इंजेक्टर, काहीही असू शकतं. पण मेकॅनिकला कुठून सुरुवात करायची ते कळतं. आईच्या वॉशिंग मशीनच्या पुस्तकात शेवटच्या पानावर कोडचा तक्ता आहे: पाणी येत नाही, पाणी जात नाही, दार लागलेलं नाही. आणि ज्या हार्ड डिस्कने काकांच्या टेबलावर दोन मिनिटांत खरं सांगितलं, ती माझ्याच कन्सोलच्या पोटात होती. तिने कन्सोललाही तेच सांगितलं असणार. कन्सोलने मला सांगितलं नाही.

दुसरा युक्तिवाद पायरसीचा. माहिती उघडी केली तर लोक चोरीचे गेम चालवतील म्हणे. पण डिस्क खराब आहे किंवा अमुक ठिकाणी व्होल्टेज पडलं, हे कळल्याने कुठला गेम फुकट चालतो? कुलूप आणि रिपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलूप ठेवा, पण रिपोर्ट द्या. उलट कुलपाच्या नावाखाली दुरुस्तीच अडवली जाते. एक्सबॉक्स ३६० चा डीव्हीडी ड्राइव्ह बोर्डशी एका गुप्त कीने बांधलेला असायचा. दुसरा चांगला ड्राइव्ह नुसता आणून लावला तर गेम चालायचे नाहीत. अमेरिकेच्या कॉपीराइट यंत्रणेने २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी कुलूप ओलांडायची सूट दिली, तीही कन्सोलच्या फक्त डिस्क ड्राइव्हपुरती. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि त्यातून गेमिंग कन्सोल चक्क वगळले. फोन दुरुस्त करायचा हक्क आहे, शेजारी ठेवलेल्या कन्सोलचा नाही.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. सुरुवातीला चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. कन्सोलला या यादीत स्वतःची जागा नाही. खेळणं म्हणून कुणी गंभीरपणे बघत नसावं. पण एका मध्यमवर्गीय घरात हे खेळणं कित्येकदा फ्रिजच्या किमतीला येतं. भिशी लावून येतं, हप्त्यावर येतं, दोन भावांत मिळून येतं.

तिसरा युक्तिवाद सुरक्षेचा, आणि तो मी उडवून लावत नाही. पॉवर सप्लायमध्ये घरातली वीज खेळते. बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार राहतो. अर्धवट माहितीने हात घालणारा जिवानिशी जाऊ शकतो. पण मग माहिती पूर्ण द्या ना! 'हा भाग उघडू नका, इथे धोका आहे' हेही तक्त्यात लिहिता येतं. अंधारात ठेवून कुणी सुरक्षित झालेलं नाही. अंधारात माणूस व्हिडिओ बघतो.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. एक, प्रत्येक हार्डवेअर कोडचा अर्थ छापा: मशीनला काय दिसलं आणि त्याची संभाव्य कारणं कोणती. दोन, मशीन आतल्या आत जी वही लिहितं ती मालकाला यूएसबीवर काढून घेता आली पाहिजे. तीन, सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदला म्हणायच्या आधी कोणत्या चाचण्या केल्या ते कागदावर लिहून द्यावं. पॅथॉलॉजी लॅब रिपोर्ट आपल्या हातात देते. डॉक्टर आवडला नाही तर तोच रिपोर्ट घेऊन आपण दुसऱ्याकडे जातो. कन्सोलच्या बाबतीत एवढंच हवंय.

आणि आपल्यासाठीही एक मागणी. कोड आला की फोटो काढा. कुठल्या गेममध्ये, किती वेळाने, मशीन गरम असताना की थंड, ते लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा: केबल, प्लग, धूळ, डिस्क. सेव्ह केलेले गेम आधी बाहेर काढून ठेवा. 'हा कोड म्हणजे हाच पार्ट' असं शपथेवर सांगणारा व्हिडिओ दिसला, की आधी विचारा, याने मोजलं काय? आणि गरम हवा सगळ्यांत शेवटी, तीही ज्याला येते त्याच्या हातून.

काकांनी माझ्याकडून त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. डिस्क मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिली. तिच्यात भावाचे दीड वर्षाचे सेव्ह केलेले गेम होते, पण ते त्या मेलेल्या कन्सोलशी बांधलेले. दुसरीकडे उघडत नाहीत. ती पिशवी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. भाऊ आता तिच्याबद्दल विचारत नाही.