*वीज चमकली की फोन नाही, काम बंद करा*



सोयाबीन काढणी चालू आहे आणि परतीचा पाऊसही. दुपारी आभाळ भरून आलं की आपण दोन गोष्टी करतो: फोन बंद करतो आणि ताडपत्री घेऊन गंजीकडे धावतो. माझ्या मते दोन्ही चुकीचं.

मोबाईल वीज ओढून घेत नाही. चार्जिंगला लावलेला फोन तेवढा तेव्हा हातात घेऊ नका. उलट वीज जवळ आलीय हे सांगणारा तोच आहे.

कसं? विजेत प्रचंड प्रवाह वाहतो, त्यातून रेडिओ लहरी निघतात. वीज चमकताच जुन्या रेडिओवर खरखर व्हायची, ती हीच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर जमिनीवर सेन्सर बसवलेत. एकच लहर प्रत्येक सेन्सरला किंचित मागे-पुढे पोचते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ती ३०० मीटर जाते. तेवढा बारीक फरक मोजून विजेची जागा काढतात. ढगातल्या ढगात चमकणारी वीजही यात सापडते. बहुतेकदा ती आधी सुरू होते, जमिनीवर पडणारी काही मिनिटांनी. जीव वाचवायला तीच मिनिटं हातात असतात.

ही माहिती *दामिनी* ॲपवर फुकट मिळते. लोकेशन चालू ठेवा. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज आहे का ते दिसतं.

पण ॲप चमकून गेलेली वीज दाखवतं, पुढची नेमकी कुठे पडेल ते नाही. म्हणून वाट बघू नका. रेंज नसेल तर मोजा: चमक आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ, म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत. लगेच पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या गाडीत जा. झाडाखाली नको, उघड्या शेडमध्ये नको. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

आणि एक स्पष्ट सांगतो. थांबायचं की नाही हे मजुरांवर सोडू नका. रोजानं आलेली बाई मजुरी कापली जाईल या भीतीनं विळा खाली ठेवत नाही. हाक मालकानंच मारायची, आणि त्या तासाची मजुरी कापायची नाही. गंजी झाकायची तर आभाळ मोकळं असतानाच झाका. भिजलेलं सोयाबीन वाळवता येतं, भाव थोडा कमी येईल. माणूस परत येत नाही.

आजच दामिनी टाका, शेजाऱ्यालाही टाकून द्या.

– आपला कृषी सल्लागार,
शेतकरी उत्पादक कंपनी