मुलाखतकाराची भीड

नामवंतांसमोर बसताना वार्ताहराचे हात कापतात, यात लाजण्यासारखे काही नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, मुलाखत ही पाहण्याचीही गोष्ट बनली आणि मुलाखतकाराचा कोरडा घसा लपेनासा झाला. घशाला कोरड पडो बापडी! भिडेपोटी विचारलेला ‘आपल्या यशाचे रहस्य काय?’ हा प्रश्न मात्र अक्षम्य होय. पुणे-दौंड लोहमार्गावरील खुटबाव स्थानकात गाडीची वाट पाहत वृत्तपत्र चाळणाऱ्या शिक्षकाला, चित्रपट पडत होते त्या वर्षांत नटाने घर कसे चालविले, हे हवे असते. त्याला ते स्वतः विचारता येत नाही. बिचकणारा वार्ताहर निदान आदल्या रात्री जुनी कात्रणे वाचतो; निर्ढावलेला तेवढेही करीत नाही. संपादकांनी होतकरूंचा धीटपणा न पाहता ती कात्रणे पाहावीत आणि मुलाखतीपूर्वी त्यांना दोन दिवस मोकळे द्यावेत.