इतिहासाच्या तासाला रंग कशाने चढतो?

माध्यमिक शाळेत इतिहास कंटाळवाणा होतो, याबद्दल शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्यात फारसे दुमत नाही. दुमत आहे ते उपायाबद्दल. एक पक्ष म्हणतो, इतिहास ही मुळात गोष्ट आहे; ती रंगवून सांगितली की वर्ग आपोआप कान टवकारतो. दुसऱ्या पक्षाचा भर साधनांवर असतो: चित्रफीत, पीपीटी, प्रश्नमंजूषा, नाट्यीकरण, किल्ल्याची सहल. तिसऱ्या पक्षाला ही दोन्ही मते हौसेची वाटतात. दहावीच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत जे विचारले जाते तेच लिहून द्यावे, पाठ करून घ्यावे आणि पोर्शन वेळेत संपवावा, असे तो म्हणतो. तिन्ही पक्ष एकमेकांशी भांडतात, पण एका गृहीतकावर त्यांचे एकमत आहे. इतिहासाचा आशय आधीच ठरलेला आहे, शिक्षकाने तो फक्त पोहोचवायचा, असे तिघेही धरून चालतात. खरी अडचण या गृहीतकात आहे. टाचणाची सुरुवात खऱ्या प्रश्नाने केली आणि त्याचे उत्तर ठरवण्यापुरता पुरावा मुलांच्या हाती दिला, तर पाठात रस वेगळा ओतावा लागत नाही.

हवेत वाद नको म्हणून एक ठरावीक प्रसंग समोर ठेवणे बरे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील रयत जमली. तिने सावकारांकडे वह्या आणि कर्जखते मागितली. वह्या-खते जाळली गेली, धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी सावकारांच्या घरांना आगी लावल्या गेल्या. हे लोण पुणे जिल्ह्यातून अहमदनगरकडे पसरले आणि तीसहून अधिक गावांना त्याची झळ लागली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. आठवी ते दहावीच्या कोणत्याही वर्गाला झेपेल असा हा प्रसंग आहे, आणि वरील तिन्ही मतांची परीक्षा त्यावर चांगली होते.

गोष्ट रंगवणाऱ्यांच्या हाती हा प्रसंग दिला तर तास खात्रीने गाजेल. क्रूर सावकार, नाडलेला शेतकरी, एक दिवस उसळलेला संताप आणि पेटलेल्या वह्यांचा उजेड. वर्ग स्तब्ध होईल, पण त्या स्तब्धतेत मुले करतात काय, तर ऐकतात. सावकार वाईट होता म्हणून दंगा झाला, एवढेच त्यांच्या हाती लागते आणि ते अर्धवट असते. सावकार त्याआधीही होते, कर्जेही होती. मग १८७५ सालीच असे का झाले? रंगलेल्या गोष्टीत हा प्रश्न उठत नाही, कारण गोष्टीचा ओघच त्याला वाहून नेतो. शिवाय त्या भागातील सावकारांत मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांचा भरणा होता. कारणमीमांसा सोडून केवळ खलनायक उभा केला, तर वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आडनावाकडे बाकीच्यांच्या नजरा वळतात. वाईट इतिहास शिकवल्याचा हा सर्वांत घातक परिणाम होय. गोष्टीला पाठात जागा आहेच. प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिल्याशिवाय प्रश्न पडत नाही. मात्र तिचे काम प्रश्न उभा करण्याचे आहे, उत्तर देऊन टाकण्याचे नाही.

साधनांवर विसंबणाऱ्या पक्षाची चूक निराळी आहे. पडद्यावर सरकणारी चित्रे, गटागटांत रंगलेली प्रश्नमंजूषा, सावकार आणि शेतकरी यांच्या वेशातील मुले यांनी वर्गात हालचाल होते, पण हालचाल आणि विचार एक नव्हेत. ‘सुप्याचा दंगा कोणत्या साली झाला?’ या प्रश्नाचे उत्तर बझर दाबून दिले तरी तो पाठांतराचाच प्रश्न राहतो. नाट्यीकरणात संवाद आधी लिहिलेले असतात आणि शेवट ठरलेला असतो, म्हणून सावकाराचे काम करणाऱ्या मुलाला दर तीन वर्षांनी नवे खत का लिहून घेतले जात होते, हे ठाऊक नसले तरी त्याचे अडत नाही. सहलीचेही तसेच. काय शोधायचे हे न ठरवता गडावर गेलेला वर्ग छायाचित्रे घेऊन परत येतो. तटबंदीत दरवाजा असा वळणावर का आहे, टाक्यांतले पाणी किती माणसांना पुरले असेल, असा एखादा प्रश्न आधी दिला असता, तर तीच सहल पाठ ठरली असती. साधन प्रश्नाच्या सेवेत असेल तर उपयोगी, नाहीतर ती करमणूक आणि करमणुकीत शाळेने मोबाइलशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

तिसरा पक्ष सर्वांत व्यवहारी वाटतो आणि सर्वांत बलवानही आहे, कारण त्याच्या पाठीशी निकालपत्रक असते. पण त्याचा युक्तिवाद त्याच्याच पाठ्यपुस्तकात अडखळतो. महाराष्ट्र राज्य मंडळाचे २०१८ पासूनचे दहावीचे इतिहासाचे पुस्तक इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांपासून सुरू होते. मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेवर भर देणारा लिओपोल्ड रांके त्यात येतो. या सुरुवातीच्या प्रकरणांचा हेतू उघड आहे: इतिहास कसा घडवला जातो, कशावरून लिहिला जातो, हे विद्यार्थ्याला कळावे. प्रत्यक्षात वर्गात काय होते? इतिहासकार आणि त्याचा ग्रंथ यांच्या जोड्या पाठ होतात आणि परीक्षेत चुकीची जोडी ओळखून दुरुस्त केली जाते. कागदपत्रे तपासा असे सांगणाऱ्याचे नाव पाठ होते, पण वर्षभरात एकही कागद तपासला जात नाही. तीच प्रश्नपत्रिका विधाने सकारण स्पष्ट करायला सांगते आणि उतारा वाचून उत्तरे लिहायला लावते. हे गुण घोकंपट्टीने मिळतात, पण काठावरचे. कारण आणि परिणाम यांची साखळी ज्याने स्वतः एकदा जुळवली आहे, त्याला ‘सकारण’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

पुराव्याच्या नादी लागले की तपशील मागे पडतो, हाही आक्षेप नेहमीचा आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमधील पाच शाळांत अकरावीच्या वर्गांवर सहा महिने असा प्रयोग झाला. मूळ साधने वाचून, ती कोणी व का लिहिली हे विचारून, एकाला दुसरे पडताळून इतिहास शिकवला गेला. अविशाग राइसमन यांनी २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या वर्गांच्या तुलनेत या मुलांचा ऐतिहासिक विचार सुधारलाच, पण तपशिलाचे ज्ञान आणि एकूण वाचनाचे आकलनही सरस ठरले. यात नवल नाही. वापरलेला तपशील लक्षात राहतो, नुसता साठवलेला गळतो.

आता मंडनाकडे. इतिहासाच्या पाठाचे टाचण आजही बहुधा जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पंचपदीच्या वळणाने जाते: प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन आणि पुढे उपयोजनापर्यंत. हा साचा मोडण्याची गरज नाही. बदल हवा तो हेतुकथनात. ‘आज आपण दख्खनच्या दंग्यांची माहिती घेऊ’ हे हेतुकथन विषय सांगते, पण कुतूहल जागे करत नाही. त्याऐवजी फळ्यावर असा प्रश्न लिहावा: ‘सुप्यात जमलेल्या रयतेने वह्या आणि खतेच का जाळली?’ चांगल्या प्रश्नाच्या तीन खुणा असतात. तो एका ठोस कृतीला चिकटलेला असतो. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातील एका वाक्यात सापडत नाही. आणि हाती असलेल्या पुराव्यावरून त्याचे उत्तर देता येते. यांपैकी तिसरी खूण विसरली की प्रश्न नुसता चर्चेचा उरतो आणि तास मतामतांच्या गलबल्यात जातो.

प्रश्नानंतर पुरावा. या प्रसंगासाठी चार लहान चिठ्ठ्या पुरतात. पहिली कापसाची: अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि तेथून ब्रिटनला जाणारा कापूस त्या वर्षीच्या २० लाखांहून अधिक गाठींवरून १८६२ मध्ये ५५ हजार गाठींवर आला. भारताच्या कापसाला अचानक मागणी आली, दख्खनमध्ये कर्ज सहज मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव उतरले आणि सावकारांनी हात आखडला. दुसरी शेतसाऱ्याची: जुन्या जमाबंदीची ३० वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणी झाली, इंदापूरला १८६७ मध्ये, आणि सारा अनेक ठिकाणी ५० ते १०० टक्के वाढला. तिसरी कायद्याची: १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षेच ग्राह्य ठरवले. उद्देश व्याजाचा डोंगर रोखण्याचा होता, पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागले. चौथी चिठ्ठी आयोगाच्या निष्कर्षाची: सरकारी साऱ्याचा बोजा हे दंग्याचे कारण नव्हते.

पहिल्या तासिकेत पाच मिनिटे प्रसंग आणि प्रश्न, पंधरा मिनिटे एका बाकावरच्या मुलांनी मिळून चिठ्ठ्यांचे वाचन, उरलेल्या वेळात फळ्यावर दोन रकाने: ‘काय दिसते’ आणि ‘कशावरून’. दुसऱ्या रकान्याशिवाय पहिला भरायचा नाही, हा एकच नियम कडक पाळावा. तिसऱ्या चिठ्ठीपाशी वर्ग थबकतो. रयतेच्या दृष्टीने वही म्हणजे हिशेब राहिलेला नव्हता; तीन वर्षांपूर्वीचे कर्ज तिच्यात नव्या मुद्दलाचे रूप घेऊन बसले होते आणि न्यायालय त्या कागदालाच मानत होते. वह्या का जाळल्या, याचे उत्तर मुलांना येथे मिळते.

दुसऱ्या तासिकेचा प्रश्न अधिक कठीण असावा: ‘आयोगाचा निष्कर्ष किती मानावा?’ आयोग कोणी नेमला, साऱ्याचा दोष मान्य केला असता तर कोणाला उत्तर द्यावे लागले असते, दुसरी आणि चौथी चिठ्ठी शेजारी ठेवल्यावर काय दिसते, याची चर्चा येथे होते. याच दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध आवाज उठवला होता आणि जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवरही टाकली, हे शिक्षक जोडू शकतो. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्व फुगवले गेल्याचे मांडले, हेही चांगल्या वर्गाला सांगावे. शेवटी प्रत्येकाने आठ-दहा ओळी लिहायच्या. गुण कोणाला दोष दिला यावर नाहीत; दिलेल्या कारणांना किती चिठ्ठ्यांचा आधार आहे आणि विरोधी पुराव्याचे काय केले, यावर आहेत.

यावर दुसऱ्या टोकाचा आक्षेप येतो: मग प्रत्येकाचे मत खरे, इतिहास म्हणजे ज्याची त्याची आवड. हा आक्षेप पद्धत न समजल्याचा आहे. ‘कशावरून’ हा रकाना मते वाढवत नाही, गाळतो. शिवाजी महाराजांच्या जन्माची तारीख याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण आहे. १६२७ हे साल अनेक वर्षे रूढ होते. पुढे जेधे शकावली उजेडात आली, तिच्यातील शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला शिवभारताने पुष्टी दिली आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य झाली. सनावळी पाठ करणाऱ्या मुलाला ही हकिकत सांगितली, तर सन हाही कोणीतरी पुराव्याने मिळवलेला असतो, हे त्याला उमगते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. कागद हाती घेतल्याशिवाय इतिहास बोलायचा नाही, ही शिस्त महाराष्ट्राच्या विद्वत्तेत शंभर वर्षांहून जुनी आहे. ती संशोधकापुरती राहावी आणि शाळेत फक्त तिचे निष्कर्ष यावेत, हे समर्थनीय नाही.

साधने मिळत नाहीत, ही तक्रार खेडेगावच्या शाळेत तर मुळीच टिकत नाही. गावातली वीरगळ, ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचे जनरल रजिस्टर, घरचा सातबारा हे सारे साधन आहे. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आजही कर्जाचा बोजा चढतो आणि फिटल्यावर उतरतो. सुप्याचा पाठ झाल्यावर आपल्या घरचा हा रकाना वाचणाऱ्या मुलाला कर्जाची नोंद कोण ठेवतो हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. घरचा कागद वर्गात दाखवण्याची सक्ती मात्र करू नये. जुन्या कागदांची भाषा अवघड असेल तर शिक्षकाने सुलभ रूप करावे, पण ते सुलभ रूप आहे असे वर नोंदवावे.

वेळेचा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर निवडीत आहे. प्रत्येक घटक असा शिकवता येणार नाही, तशी गरजही नाही. वार्षिक नियोजनातच चार-पाच घटक शोधासाठी राखून ठेवावेत, जेथे कारणांबद्दल वाद आहे आणि साधने सुबोध आहेत. बाकीचे घटक शिक्षकाने नेटक्या निवेदनाने पुढे न्यावेत. साठ मुलांच्या वर्गात गटचर्चा आवरत नसेल तर चिठ्ठ्या फळ्यावर लिहून एकत्र वाचल्या तरी चालतात. शिक्षकाची तयारी मात्र वाढते. चार चिठ्ठ्यांसाठी चार पुस्तके चाळावी लागतात, आणि उत्तर आधी न सांगण्याचा संयम लागतो. इतिहासाचा तास रंजक करण्याची हीच खरी किंमत आहे. ती शाळेने टाचण तपासणीतही मोजावी: टाचणात प्रश्न कोणता, पुरावा कोणता आणि मूल शेवटी काय लिहिणार, या तीन नोंदी असतील तर पाठ तयार आहे.