काकूंच्या रिपोर्टमधलं ‘पीसीएनए’



बंगळुरूच्या शिवाजीनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू परवा संध्याकाळी एक रिपोर्ट घेऊन आल्या. काही महिने बोटांचे सांधे दुखत होते, उन्हात गेलं की गाल लाल व्हायचे, म्हणून डॉक्टरांनी ‘एएनए प्रोफाइल’ करायला सांगितली होती. कागदावर नावांची लांब यादी आणि ‘पीसीएनए’पुढे ‘पॉझिटिव्ह’. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची. तोवर काकूंनी मोबाइलवर शोधलं, तर कुठे ल्युपस, कुठे कॅन्सर. “अगं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही,” म्हणाल्या.

असा कागद तुमच्याही घरी येऊ शकतो, म्हणून आज त्याविषयी.

पीसीएनए हा आजार नाही. ते तुमच्या-माझ्या पेशींमधलं एक प्रथिन आहे. पेशीचे दोन भाग होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची, म्हणजे सुमारे 600 कोटी अक्षरांची, नक्कल करावी लागते. एक प्रथिन डीएनएचा पीळ उलगडतं, पॉलिमरेज नावाचं प्रथिन अक्षरं जुळवत जातं, लायगेज तुकडे सांधतं. पॉलिमरेज एकटं असलं तर थोडं काम करून निसटतं. पीसीएनए त्याला धरून ठेवतं. दोरीत ओवलेली बांगडी जशी दोरीवरून सरकते पण सुटत नाही, तसं हे कडं डीएनएवरून सरकतं.

हे प्रथिन सापडलं कसं, ते मी काकूंना मुद्दाम सांगितलं. 1978 मध्ये संशोधक ल्युपसच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते. काही रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं फक्त वाढत्या पेशींच्या केंद्रकातल्या एका पदार्थाला चिकटत होती. त्यावरून त्याला नाव मिळालं. तो काय काम करतो, हे मात्र ठाऊक नव्हतं.

पुढे 1984 मध्ये अमेरिकेत एक नवी पद्धत निघाली. माकडांमधला एसव्ही40 हा विषाणू स्वतःच्या डीएनएची नक्कल पेशीच्याच प्रथिनांकडून करून घेतो. मग मानवी पेशींचा अर्क काढून ती नक्कल थेट परीक्षानळीत घडवली गेली. अर्काचे भाग वेगळे करायचे, एक भाग वगळायचा आणि काय अडतं ते पाहायचं. वाटणातला एकेक जिन्नस वगळून चव पाहावी, तसं. अशी एकेक करत माणसाची प्रथिनं ओळखली गेली. 1987 मध्ये कळलं, की रुग्णांच्या रक्ताने दाखवलेला तो पदार्थ नसेल तर नक्कल नीट होतच नाही.

“म्हणजे आजारी माणसांमुळे कळलं?” काकूंनी विचारलं. हो, पहिली खूण त्यांच्याच रक्ताने दिली.

आता कामाचं. रिपोर्टमधल्या ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ एवढाच, की या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात दिसली. ती ल्युपसच्या थोड्याच रुग्णांत असतात, आणि कधीकधी इतर आजारांतही दिसतात. एकट्या या ओळीवरून ल्युपस ठरत नाही. कॅन्सरचं नाव येतं, कारण गाठीच्या तुकड्यात पेशी किती वेगाने वाढताहेत हे पाहायलाही पीसीएनए वापरतात. ती तपासणी वेगळी.

तरी रिपोर्ट कपाटात टाकू नका. डॉक्टरांकडे जाताना सांधे कधीपासून दुखतात, उन्हाचा त्रास, तोंडातले फोड, केस गळणं, सगळं लिहून न्या. ल्युपस मूत्रपिंडाला गाठू शकतो आणि सुरुवातीला दुखत नाही, म्हणून लघवीची तपासणी आणि रक्तदाब यांबद्दल विचारा. पायांना किंवा चेहऱ्याला सूज, लघवीला फेस, छातीत दुखणं, धाप लागणं, असं काही असेल तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका.

काकूंच्या पायांना सूज नव्हती. त्यांनी वहीत चार ओळी लिहिल्या आणि घरी गेल्या. सोमवारी त्यांच्यासोबत मीही जाणार आहे.