घरंदाज माणसं पायी जात नाहीत

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "नगरपालिकेत आहेत." गटारं काढतात, हे म्हणालो नाही. साहेबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. नोकरी मिळाली. पण त्याच दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या एका मुलाबद्दल, त्याने दार कसं उघडलं एवढ्यावरून, ऑफिसातली दोन माणसं म्हणाली, "चांगल्या घरातला दिसतो." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तुमच्यापैकी जे घरातले पहिले पदवीधर आहेत, त्यांनी ते कुठे ना कुठे ऐकलं असेलच. घरंदाज, खानदानी, कुलीन. वागणुकीची स्तुती म्हणून वापरले जाणारे हे शब्द. पण त्यांत वागणूक कुठे आहे? तिन्ही शब्द घराचे आणि कुळाचे आहेत.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने तिरुचिरापल्लीला गेलो होतो. रविवारी बस धरून तंजावर गाठलं. बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसली आणि मी थांबलोच. मराठी! भोसले वंशाचं चरित्र, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेलं. तमिळ मुलखात, एवढ्या जुन्या देवळात, आपली भाषा. छाती फुगली. सेल्फीही काढला, खोटं कशाला बोलू?

सरफोजी माणूस म्हणून रस वाटावा असाच होता. सरस्वती महाल ग्रंथालय त्याने वाढवलं, इंग्रजी शिकला, श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढला. १८२६ मध्ये बिशप हेबर त्याला भेटला आणि त्याच्या विद्वत्तेने प्रभावित झाला. सुसंस्कृत राजा म्हणून त्याची ख्याती आजही आहे आणि त्याच्या पुस्तकांबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट हेवा वाटतो. पण ही वंशकथा कोरली कधी, ते पाहा. सरफोजी दत्तक होता. १७८७ मध्ये तुळजाजी राजे गेले, पंडितांनी दत्तकविधान अवैध ठरवलं आणि गादी अमरसिंगाला मिळाली. पुढे मत फिरलं, १७९८ मध्ये कंपनी सरकारने सरफोजीला गादीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी तह करून राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. म्हणजे कुळाचा अभिमान भिंतीवर चढला तेव्हा हातात राज्य उरलं नव्हतं, आणि कुळावरचा हक्कही नुकताच वादातून सुटला होता. राजालासुद्धा आपलं घराणं सिद्ध करावं लागतं. ते पंडितांच्या मताने, तहाने आणि छिन्नीने सिद्ध होतं, रक्तात काही सापडत नाही.

मग दुसरा हिशेब सुचला. हे देऊळ दलितांना खुलं झालं १९३९ मध्ये. वंशपरंपरागत विश्वस्त असलेल्या भोसले घराण्याच्या राजांनी ते खुलं केलं आणि गांधींनी त्यांचं कौतुक केलं. १८०३ ते १९३९, म्हणजे १३६ वर्षं. तेवढा काळ माझ्यासारख्याला हा मराठी मजकूर वाचायला आत पाऊल टाकता आलं नसतं. दार उघडणाऱ्याचं मन मोठं ठरतं. इतकी वर्षं बाहेर थांबलेल्यांच्या सहनशीलतेला मात्र कुणी सभ्यता म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिरुवारूरमार्गे कीळवेणमणीला गेलो. आता नागपट्टिनम जिल्ह्यात असलेलं हे गाव तेव्हा तंजावर जिल्ह्यात होतं. भातशेतीवरचे भूमिहीन मजूर मजुरी वाढवून मागत होते, लाल झेंड्याखाली संघटित झाले होते. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांच्या जमावाने वस्तीवर हल्ला केला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेली ४४ माणसं जाळली गेली. सगळी दलित, त्यांत बायका आणि लेकरंच जास्त. २५ डिसेंबर ही तारीख आपल्याला महाडमुळे पाठ असते.

खालच्या न्यायालयाने काही आरोपींना शिक्षा दिली. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. निकालातला तर्क असा होता: आरोपी मिरासदार आहेत, बहुतेक श्रीमंत, मोठ्या जमिनींचे मालक, एकाकडे तर मोटारगाडी आहे. अशी माणसं नोकरांना न पाठवता स्वतः पायी चालत जाऊन घरं पेटवतील, हे पटत नाही. 'चांगल्या घरातला दिसतो' हे वाक्य इथे पुरावा म्हणून उभं राहिलं. १९९५ मध्ये भंवरीदेवीच्या खटल्यात जयपूरच्या न्यायालयानेही याच जातीचा तर्क लढवला, की वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईवर बलात्कार कसा करतील!

वेणमणीचे जमीनदार भोसले नव्हते, हे सांगायला हवं. पण मिरासदार हा शब्द आपल्याही गावचाच आहे, आणि त्याच्याकडे पाहायची सवयही. तिथल्या स्मारकावर ४४ नावं कोरलेली आहेत. तमिळ येत नसल्याने मला एकही वाचता आलं नाही.

घरी आल्यावर बाबांना हे सगळं सांगितलं. कामावरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय आम्हाला कधी जवळ न घेणारा हा माणूस, आयुष्यात कुणाला अरे-तुरे न केलेला. त्यांना घरंदाज म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांनी निकालाचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गाडी नसती, तर घावले असते व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा लग्नाचा बायोडाटा टाइप करायला मी बसलो होतो. चुलतभावाने सुचवलं, "वडिलांचं 'शासकीय सेवा, निवृत्त' एवढंच टाक. बरं दिसतं." माझी बोटं तेच टाइप करत होती. बहीण मागे उभी होती. ती म्हणाली, "सफाई कामगार लिही. आणि ते घराणं-बिराणं लिहायचा रकाना काढून टाक."