सौजन्य नको, ब्रेक द्या!

ज्या कंपनीने आपल्या कारखान्यातील साध्यातल्या साध्या कामगाराच्या डोक्यावर एक दोरी टांगून ठेवली, दोष दिसला की ती ओढ आणि चालू यंत्रपंक्ती थांबव असा अधिकार त्याला दिला, त्या अधिकाराचे पोवाडे जगभरच्या व्यवस्थापन-विद्यालयांतून गाऊन घेतले आणि गुणवत्ता कशाशी खातात हे अमेरिकेलाही शिकवले, त्याच टोयोटा कंपनीच्या मोटारीत बसलेल्या माणसाने पेडल दाबले, ते तळाला गेले, डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे पेटले, गाडी हवी तिथे थांबली नाही आणि तो धास्तावलेला जीव तक्रार घेऊन तिच्या दारात उभा राहिला, तर त्याला मिळणारे उत्तर एवढेच, की तुमच्या गाडीची मुदत टळली! कामगाराला दोरी आहे. गिऱ्हाइकाला नाही.

मोटार कोणती? प्रियस. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांची सांगड घालणारी ही हायब्रीड गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीला आली. तिची तिसरी पिढी २००९ साली अवतरली, २०१५ पर्यंत विकली गेली, आणि आजच्या आमच्या संतापाचा विषय ही पिढी आहे. २०१० साली ती भारतातही आली होती. पण परदेशातून तयार येणारी आणि पंचवीस लाखांवरची गाडी इथे घेणार कोण? हौशी श्रीमंतांच्या दारापलीकडे ती गेली नाही. अमेरिकेत मात्र ती घराघरांत गेली. शिकायला आणि नोकरीला तिकडे गेलेल्या आमच्या मराठी पोरांनाही जुनी प्रियस परकी नाही. पेट्रोल कमी पिते, सहसा बिघडत नाही, आणि टोयोटा म्हणजे डोळे मिटून घ्यावी, ही तिची ख्याती. डोळे मिटून घेतलेली गाडी डोळे उघडे ठेवून थांबवता येत नाही, हा अनुभव नंतरचा.

आता या ब्रेकची कुळकथा ऐका. साध्या मोटारीत पाय आणि चाक यांच्यामध्ये ब्रेक ऑइलचा सरळ संबंध असतो. प्रियसमध्ये तुमचा पाय आधी संगणकाला वर्दी देतो. वेगाचा किती वाटा मोटरने खाऊन बॅटरीत वीज म्हणून भरायचा आणि किती वाटा पॅडने चाकावर मारायचा, याचा निवाडा तो संगणक करतो. पेडलखाली पायाला जो विरोध जाणवतो तोसुद्धा बव्हंशी बनावट. पॅडवर पडणारा दाब येतो तो एका विजेच्या पंपाने अक्युम्युलेटर नावाच्या भांड्यात, नायट्रोजन वायूच्या रेट्याखाली, कोंडून ठेवलेल्या ऑइलातून. आतल्या झडपांतून गळती सुरू झाली की दाब टिकत नाही आणि पंप दर थोड्या सेकंदांनी घरघरू लागतो. गळती आतल्या आत. जमिनीवर थेंब पडत नाही. पॅड तपासावेत तर ते चकचकीत, कारण त्यांचा बराचसा भार मोटरने वाहिलेला! मालक समाधानात, नेहमीचा मेकॅनिक समाधानात. मग एके दिवशी दाब मर्यादेखाली उतरतो, संगणक आपली मदत काढून घेतो, आणि हजार-दीड हजार किलोचे धूड थांबवायला उरते केवळ मांडीचे बळ.

कंपनीचे कैवारी लगेच म्हणतील, ब्रेक पूर्णपणे जात नाहीत, राखीव सोय आहे, पेडल जोरात दाबले की गाडी थांबते. हो, थांबते. प्रश्न कुठे थांबते, हा आहे. ज्या आजीबाईंनी दहा वर्षे अंगठ्याच्या दाबाने गाडी थांबवली, त्यांनी सिग्नलला पोचताना क्षणार्धात ओळखायचे की आता सर्वांगाचा जोर लावून पेडलवर उभे राहावे लागणार आहे. आणि हे ओळखेपर्यंत पुढच्या गाडीने, झेब्रा क्रॉसिंगवरच्या मुलाने आणि गतिशास्त्राच्या नियमांनी थोडा वेळ थांबावे, अशी ही राखीव सोय! ही कागदावरची सोय आहे. रस्त्यावरची नव्हे.

या कंपनीला ब्रेकच्या तक्रारी नव्या नाहीत, आणि तक्रारीला प्रथम कसे वागवायचे ही तिची रीतही नवी नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने तिसऱ्या पिढीच्या प्रियसची चौकशी आरंभिली तेव्हा त्याच्यापुढे १२४ तक्रारी होत्या, त्यांपैकी चारांत अपघात झाल्याचे म्हटले होते. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा होतो, असे लोक सांगत होते. यावर टोकियोतून पहिला खुलासा आला तो असा, की हा चालकाला ‘जाणवण्याचा’ प्रश्न आहे. आणि त्याच खुलाशात हळूच हेही बाहेर आले की जानेवारीपासून कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाड्यांत ब्रेकचे सॉफ्टवेअर कंपनीने आधीच बदलून टाकले होते! म्हणजे जे विकायचे होते ते दुरुस्त केले. जे विकून पैसे खिशात पडले होते, त्यांच्या मालकांना एका ओळीने कळवण्याची तसदी घेतली नाही. आठवडाभरात, ९ फेब्रुवारीला, जगभरच्या सुमारे ४,३७,००० हायब्रीड गाड्यांचा रिकॉल जाहीर करावा लागला. चार लाख सदतीस हजार जणांना एकाच वेळी भास होत नसतो.

त्याच महिन्याच्या २४ तारखेला कंपनीचे अध्यक्ष अकियो टोयोडा अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे हजर झाले. त्यांनी माफी मागितली. वाढीच्या घाईत आमचे अग्रक्रम ढळले, अशी कबुली दिली. जपानी उद्योगपती मान लववून क्षमा मागतो हे दृश्य जगाला भावले, आणि का भावू नये? पश्चात्ताप आम्हालाही आवडतो. पण मान वर आल्यावर पुढे काय झाले, हे पाहण्याची वाईट खोड वर्तमानपत्रांना असते.

पुढे हे झाले. जून २०१३ मध्ये त्याच प्रियसचा, आणि तिच्या भावंडांपैकी एका लेक्ससचा, ब्रेकसाठीच पुन्हा रिकॉल. सुमारे २,४२,००० गाड्या. अक्युम्युलेटरला थकव्याने चीर पडते, नायट्रोजन ऑइलात मिसळतो, दाब हळूहळू जातो, असे कारण खुद्द कंपनीने दिले. हा दोष २००९ सालच्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेल्या गाड्यांपुरता, असेही सांगितले. पुढल्या वर्षी, मार्च २०१४ मध्ये, आपोआप वेग घेणाऱ्या गाड्यांच्या प्रकरणी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल १२० कोटी डॉलर मोजून कंपनीने अमेरिकेच्या न्याय खात्याशी तडजोड केली. ते प्रकरण ब्रेकचे नव्हते, वेगाचे होते, हे आम्ही जाणतो आणि मुद्दाम नमूद करतो. परंतु झाकून ठेवण्याची सवय कोणत्या पेडलपाशी सुरू होते आणि कोणत्या पेडलपाशी संपते, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

आणि नोव्हेंबर २००९ पासून २०१५ पर्यंतच्या गाड्यांचे काय? तिथे ब्रेक बूस्टरमधून आत गळती होते, पंप दमतो, संगणकात सी१३९१ आणि त्याच्या भाऊबंदांचे कोड उमटतात, हे कंपनीला ठाऊक आहे. ठाऊक नसते तर तिने या कोडांची यादी छापून ‘कस्टमर सपोर्ट प्रोग्रॅम’ काढलाच नसता. दहा वर्षे किंवा दीड लाख मैल, यांपैकी जे आधी संपेल तिथपर्यंत, आणि तेही यादीतला कोड निघाला तरच, भाग फुकट बदलून मिळेल. वाचकांनी या औदार्याचा बारीक कीस काढावा. रिकॉल म्हणजे कायदा: दोष आहे ही कबुली, सरकारला कळवण्याचे बंधन, प्रत्येक मालकाला पत्र, आणि बिघाड होण्यापूर्वी दुरुस्ती. प्रोग्रॅम म्हणजे कृपा: आधी तुमचा ब्रेक जाऊ द्या, त्यातून तुम्ही वाचा, कोड आमच्या यादीतला निघू द्या, वाढदिवस टळलेला नसू द्या, मग पाहू. घेतलेले कर्ज सावकाराच्या हातावर दिवाळीची पोस्त म्हणून टेकवावे आणि वर त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा धरावी, तसला हा सौजन्यसोहळा आहे.

कंपनी असे का वागते? ती दुष्ट आहे म्हणून नव्हे. ती हिशेबी आहे म्हणून. हा बिघाड गाडी नवी असताना क्वचित होतो; झीज आणि काळ यांनी तो पिकतो. याचा अर्थ असा की वाट पाहणाऱ्याचा दरवर्षी फायदा आहे. एक वर्ष टाळाटाळ करा, इतक्या हजार गाड्या भंगारात जातील, इतक्या हजार दहा वर्षांची रेषा ओलांडतील, इतक्या हजार तिसऱ्या हाती जातील, जिथे कंपनीचे पत्र पोचत नाही. दायित्व आपोआप वितळते. कोणाला खोटे बोलावे लागत नाही, कोणाला फाइल जाळावी लागत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील टोयोटाच्याच एका विक्रेत्याला ही थंड हिशेबनिशी सहन झाली नाही आणि २०१९ साली तो या ब्रेकांचा रिकॉल व्हावा म्हणून सरकारदरबारी गेला. ज्याच्या दुकानावर कंपनीची पाटी, तोच कंपनीविरुद्ध! आपल्या पोटावर पाय देऊन कोणी उगाच बोंब मारत नाही.

आणि या वाट पाहण्याचे मोल कोण चुकवतो? बावीस-तेवीस हजार डॉलर मोजून कोरी प्रियस घेणारा, पर्यावरणाची काळजी कॉफीबरोबर वाहणारा पहिला मालक? मुळीच नाही. त्याने सातव्या-आठव्या वर्षी ती विकून दुसरी घेतली. मोल चुकवतो तिसरा-चौथा मालक: विद्यार्थी, टॅक्सीवाला, दोन नोकऱ्या करणारी बाई. त्यांच्या हाती दोन-तीन हजार डॉलरचे बिल पडते, जे पुष्कळदा त्या जुन्या गाडीच्या निम्म्या किमतीइतके असते. कोणी ते भरतो. कोणी दिव्यावर चिकटपट्टी लावून गाडी पुढच्याला विकतो. जपानातून जुन्या झालेल्या प्रियस तर जहाजे भरभरून मंगोलियाला जातात. उलानबातरच्या रस्त्यांवर उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीत उजव्याच बाजूला स्टीअरिंग असलेल्या या गाड्यांची रीघ असते. तिथल्या गोठलेल्या उतारावर पेडल तळाला गेले, तर चालकाने कोणता कोड घेऊन कोणत्या खिडकीपाशी जायचे?

विक्रीच्या वेळी जी गाडी दोन लाख मैल सहज जाते म्हणून मिरवली, जिच्या टिकाऊपणावर जुन्या गाडीचाही भाव चढा ठेवला, तीच गाडी दाव्याच्या वेळी अकस्मात जराजर्जर होते! सीट फाटणे म्हणजे जुनेपण. रंग उडणे म्हणजे जुनेपण. बॅटरी मंदावली तरी आम्ही एकवेळ म्हणू, बाबा, वय झाले. ब्रेक ही सोयीची वस्तू नाही. गाडी रस्त्यावर येण्याची ती पहिली अट आहे. जो भाग संपल्यावर माणूस संपू शकतो आणि ज्याची झीज मालकाला बाहेरून दिसू शकत नाही, त्याचे आयुष्य गाडीइतके नसेल, तर तो दोष आहे. वय नव्हे.

आता दूरच्या टोयोटावर दात खाऊन घरच्या सरकारला मोकळे सोडणारे आम्ही नव्हे. अमेरिकेत रिकॉलची फुकट दुरुस्ती पंधरा वर्षांपर्यंत मागता येते. २०१५ पूर्वी ती मुदत दहाच होती, ती वाढवावी लागली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०अ हे कलम घातले गेले, १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले, आणि त्या नियमांनी सक्तीचा रिकॉल बसवला तो सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांना! खासगी मोटारीची नोंदणी आरटीओ पंधरा वर्षांची देते. रस्ता-कर एकरकमी उकळला जातो. म्हणजे कर घेताना सरकारच्या लेखी गाडी पंधरा वर्षे धडधाकट, आणि कंपनीला जाब विचारताना सातव्या वर्षीच तिचे श्राद्ध! दंड तरी जबर असावा? दहा लाखांपासून कमाल एक कोटी. एक कोटीत आज वरच्या दर्जाच्या तीनेक हायब्रीड गाड्या येतात. कोट्यवधींची विक्री करणाऱ्याला तीन गाड्यांचा धाक!

२०२२ पासून या देशात हायब्रीडची चलती सुरू झाली आहे. पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांतून हायरायडर, ग्रँड व्हिटारा, हायक्रॉस उभ्या आहेत. बिडदीच्या कारखान्यात कॅमरी हायब्रीड तर २०१३ पासून बनते. या गाड्यांच्या ब्रेकमध्ये खोट आहे असा आमचा आरोप नाही, आणि तसे कोणी आमच्या तोंडी घालू नये. आमचे म्हणणे एवढेच, की यांचेही ब्रेक संगणकाच्या मध्यस्थीने लागतात, यांचेही पॅड वर्षानुवर्षे नव्यासारखे दिसतील, आणि २०२२ ची गाडी २०२९ मध्ये सात वर्षांची होईल. प्रियसची कहाणी खरी मानली तर दुखणे सुरू होण्याची वेळ तीच, आणि आमच्या नियमाने पाठ फिरवण्याची वेळही तीच. खंबाटकी घाट उतरताना असल्या नियमाचा आधार किती, ते ज्याने घाटात गाडी चालवली आहे त्याला आम्ही सांगायला नको.

केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याने त्या नियमातील सात हा आकडा खोडावा आणि निदान ब्रेक व स्टीअरिंग यांच्यापुरती नोंदणी जिवंत असेपर्यंतची मुदत तिथे लिहावी. दंड प्रत्येक सदोष गाडीमागे मोजावा. यासाठी संसदेचे अधिवेशन लागत नाही, समिती लागत नाही, जपानचा दौराही लागत नाही. हा नियम अधिसूचनेने आला, अधिसूचनेने बदलतो. कागद एक, सही एक.